मानाचं डोकं

बेकतेमिर,

काचेच्या कुपीची मान मोडल्याचा तो 'टक्' आवाज अजून कानात आहे. मूतखड्याच्या कळा सोसत तुझी वहिनी शाळेतली कविता पुटपुटत होती. तू गावचा कंपाउंडर, त्या दिवशी मेजवानीचा मानकरी; आपल्या रीतीने मेंढीचं शिजवलेलं डोकं तुझ्यापुढे वाढलेलं. "वहिनी, मेंढीचं डोकं थंड होतंय माझं!" म्हणत हळूहळू द्यायचं वेदनाशामक तू एका दमात शिरेत रिकामं केलंस. रक्तवाहिन्या सैलावल्या, रक्तदाब कोसळला. "हात गार पडले हो," म्हणाली, आणि गेली.

आज तिच्या पहिल्या स्मृतिदिनाला तुला मुद्दाम बोलावलं नाही. माझा उंबरठा चढू नकोस.

तुझा कुणीही नसलेला,
जोल्दोश

ता. क. दार वाजलं. तूच उभा आहेस, मेंढीच्या डोक्याचं ताट घेऊन. "दादा, त्या दिवसापासून मी हे तोंडाला लावलं नाही. आत येऊ?"