सगळ्यात वाईट जागा मालकाची

प्रिय,

हे ‘प्रिय’ सवयीने लिहिलंय, लगेच खूष होऊ नकोस. फोनवर तू मधेच "हो, पण ऐक ना" म्हणतोस आणि मग मीच ऐकत बसते. म्हणून पत्र.

वरच्या मजल्याचं काम संपलं. न्हाणीघराचा उतार या वेळी जाळीकडेच आहे, कारण बादलीभर पाणी ओतून बघितल्याशिवाय मी गवंड्याला फरशी बसवू दिली नाही. तळमजल्यावर त्याने उतार दाराकडे काढला होता. आंघोळ झाली की मी आणि पोरगी जुनी फडकी टाकून पाणी अडवत बसायचो. तू फोनवरून म्हणालास, आधी तपासायला हवं होतंस. उंटावरून शेळ्या हाकणं तुला छान जमतं.

घर घेतलं तो दिवस आठवतो? तीन बिऱ्हाडांची छोटीशी इमारत, आपली पहिली गुंतवणूक. रंगाच्या डब्यावर बसून तू नियम सांगितलास, की मालकाने सगळ्यात वाईट जागेत राहायचं; ती चांगली झाली की भाड्याने द्यायची आणि उरलेल्यांतल्या वाईट जागेत जायचं. मला तू तेव्हा फार हुशार वाटला होतास. मग तुझी बदली झाली आणि नियम पाळायला आम्ही दोघी उरलो. तू सुट्टीला येतोस पाहुण्यासारखा आणि मोजपट्टी घेऊन फिरतोस साहेबासारखा. मधल्या मजल्यावरचा ओटा मी माझ्या कमरेला सोसेल इतका उंच करून घेतला होता. त्याच्यावर आता तिथल्या भाडेकरू नर्सबाई स्वयंपाक करतात, आणि त्या माझ्यापेक्षा वीतभर बुटक्या आहेत. पाटावर उभ्या राहून फोडणी देतात बिचाऱ्या.

तरी मी गप्प होते. वरचा मजला शेवटचा, त्यानंतर वाईट जागाच उरणार नाही, एवढाच हिशोब मी मनात धरला होता. खिडकीखाली पोरीचं टेबल बसेल अशी जागा सोडून घेतली. आणि परवा एजंटचा फोन आला. त्याने माझं अभिनंदन केलं. कशाबद्दल, ते मला त्यालाच विचारावं लागलं. मागच्या गल्लीतलं ते पडकं घर तू एकट्याच्या नावावर घेतलंस म्हणे, आणि वरच्या मजल्याला भाडेकरूही बघून ठेवलेस. बायकोच्या आधी एजंटला कळतं! मला इतका राग आला की हातातली पुट्टी लावायची पट्टी मी भिंतीवर फेकली. खोक पडलीय. बुजवणार नाही.

खरं सांगू, तरीही मी खोकी बांधायला घेतली असती. इतकी सवय झालीय. पण काल ते भाडेकरू जागा बघायला आले. त्यांची मुलगी आपल्या पोरीच्याच वयाची. आपल्या लेकीने तिला खिडकी दाखवली, कडी कशी लावायची ते शिकवलं, आणि अगदी मोठ्या माणसासारखी म्हणाली, "सामान सगळं बाहेर काढू नकोस हं. घर चांगलं झालं की जावं लागतं."

तिचे आईवडील हसले. मला हसता आलं नाही. आपल्या पोरीला वाटतं, चांगलं घर म्हणजे निघायची वेळ. हे तिला कोणी शिकवलं, तूच सांग. मी त्या माणसांची माफी मागितली आणि सांगितलं की जागा रिकामी नाही.

तर पत्र एवढ्यासाठी. आम्ही दोघी आता इथे वरच राहणार आहोत, इथून हलणार नाही. काल रात्री पोरीने तिचं खोकं पहिल्यांदा तळापर्यंत रिकामं केलं आणि फाडून रद्दीत टाकलं. एजंटकडून मी तुझ्या नव्या घराची किल्ली घेतली, जाऊन बघूनही आले. स्वयंपाकघरावर छप्पर नाही, नळाला तांबडं पाणी येतं. त्याहून वाईट जागा आता आपल्याकडे एकही नाही. म्हणून तुझी गादी, दाढीचं सामान आणि मोजपट्टी टेम्पोने तिथे पोचवलीय. किल्ली सोबत जोडली आहे. सुट्टीला येशील तेव्हा थेट तिकडेच जा, मालक तूच आहेस. जेवायला मात्र इकडे ये. येताना बेल वाजव.

तुझीच,
वरच्या मजल्यावरची