दुबोआ म्हणजे रानातला

रविवार, संध्याकाळ. महाड.

आज फ्रेंच जावयाला नाते गाव दाखवलं. आम्ही नातेकर, म्हणून त्याचाच हट्ट. तरी मन थाऱ्यावर नाही. सायलीने लग्नानंतर नातेकर सोडून दुबोआ लावलं, ते मला अजून पचत नाही. बापाला विचारायचं तरी!

परतताना रिक्षात न राहवून विचारलंच, "दुबोआ म्हणजे काय गो?"

"रानातला," सायली म्हणाली. जावई सांगत गेला, ती मराठीत करत गेली. त्यांचा कुणी पूर्वज पोटासाठी रान सोडून शहरात आला, तेव्हा शहरातल्या लोकांनी हे नाव पाडलं. रानात असताना सगळेच रानातले, तिथे कोण म्हणणार?

रानातला. तेव्हापासून हेच डोक्यात. मग आमचं तरी काय वेगळं? नाते गावात कोण कुणाला नातेकर म्हणेल? पणजोबा महाडला आले, म्हणून नातेकर झाले.

"आणि तुला तिकडे काय म्हणतात?"

"शेजारच्या आजींना माझं नाव जमत नाही, बाबा. त्या मला 'महाड' अशीच हाक मारतात."

रिक्षात सगळे हसले. मीही हसलो. पण पोर महाडातून गेली, हे आज पहिल्यांदा खरं वाटलं.