जिभेचा छेद

१८ ऑगस्ट, सोमवार

आले एकदाची पुण्यात! आईने दिलेल्या शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा एसटीत कुणाच्या तरी पायाखाली आला आणि सगळ्याचा चुरा झाला. पण चुराही तितकाच गोड लागतो. कोथरूडमधली ही खोली फोटोत होती त्याहून छान आहे. दुसरा मजला, सकाळचं ऊन, आणि लिहायला चक्क वेगळं टेबल. करमाळ्याला मी शाळेपासून शिवणयंत्राच्या फळीवरच अभ्यास केला.

घरमालकीण हेमाकाकू आगाशे. सत्तरी ओलांडलीय, एकट्याच असतात. नियम दारातच सांगितले. गीझर दहा मिनिटं. त्यापुढे ती अंघोळ राहत नाही, सहल होते. मी हसले तर म्हणाल्या, हसण्यासारखं मी काही बोललेले नाही. मग आत जाऊन माझ्यासाठी आलं घातलेला चहा करून आणला. मला आवडल्या त्या.

२३ ऑगस्ट, शनिवार

मेडिकल कॉलेजातल्या एम.एस्सी.चा पहिला आठवडा संपला. माणसाच्या पेशी आणि ऊती, हा आमचा मुख्य विषय. ऋचा मॅडम शिकवतात. दोघींत मिळून एक लाकडी पेटी, तिच्यात काचेच्या स्लाइड्स. मेणात बसवून केसाहून पातळ कापलेले माणसाचे छेद, गुलाबी-जांभळे रंगवलेले. यकृत, आतडं, त्वचा, जीभ. मायक्रोस्कोपला डोळा लावला आणि उठवेचना. आपण आतून इतके नक्षीदार असतो हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

मॅडमनी विचारलं, कडेला काय दिसतंय. मी उत्साहाने उभी राहिले आणि म्हणाले, "पेशींची एक रांग हाय." मागून कुणीतरी हळूच "हाय" म्हटलं. सगळा वर्ग हसला. माझ्या शेजारची स्पृहाही हसली, मग सॉरी म्हणाली. त्यानंतर दिवसभर प्रत्येक शब्द आधी मनात म्हणून बघितला, मगच बोलले. संध्याकाळी आरशासमोर उभी राहून आहे, आहे, आहे म्हणत होते. लाज वाटली आणि लाज वाटल्याचीही लाज वाटली.

८ सप्टेंबर, सोमवार

पितृपक्ष लागला. आज काकू पहिल्यांदाच यजमानांबद्दल बोलल्या. गोपाळकृष्ण आगाशे, गणिताचे शिक्षक. तीन वर्षांपूर्वी गेले. देहदान केलेलं, आणि तेही आमच्याच कॉलेजला. त्यांच्या इच्छेप्रमाणे दहावा-तेरावा काहीच झालं नाही. काकूंनी चहा गाळता गाळता, माझ्याकडे न बघता विचारलं, "तुमच्याकडे त्यांचं काही दिसतं का गं? नमस्कार करायला काही म्हणजे काही नाही माझ्याजवळ."

माहीत नाही म्हणता आलं असतं. पण पुण्यात आल्यापासून मला कुणी काही विचारलं, मला कळत असेल असं धरून, ते हे पहिल्यांदाच. मी म्हणाले, हो, त्यांची स्लाइड बघितलीय मी. आणि तोंडातून निघून गेलं की विचारून घरी आणता येते.

काकूंच्या हातातली गाळणी तशीच राहिली. ते तोंड मी बघायला नको होतं.

९ सप्टेंबर, मंगळवार

प्रॅक्टिकल संपताना पेटीतून हाताला लागली ती स्लाइड एप्रनच्या खिशात टाकली.

काकूंनी ती पदरात घेतली, उजेडाकडे धरली. मधला नखाएवढा गुलाबी ठिपका बघत राहिल्या. कुठला भाग म्हणून विचारलं. मला लेबल वाचावं लागलं. जीभ, म्हणाले. काकू डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. "बरोबर तेवढंच उरलं! चाळीस वर्षं तेवढंच तर चालत होतं."

मग देवघरापाशी यजमानांच्या फोटोपुढे स्लाइड ठेवून त्यांनी हात जोडले. मीही जोडले. कान तापले होते.

१३ सप्टेंबर, शनिवार

काकू रोज पान वाढतात. वरणभात, तूप, अळूची भाजी. दुपारी फोटोपुढे ठेवतात आणि मला सांगतात, आज आले होते जेवायला. गुणगुणत असतात. सोसायटीतल्या बायकाही म्हणाल्या, तुम्ही आलात नि हेमाताई बदलल्या.

ते पान नंतर मला देतात. भरलेलंच असतं. पण त्याला चव नसते. मीठ कमी वगैरे नाही, चवच नाही. कागद चघळल्यासारखं. त्यावर लिंबाचं लोणचं घेतलं, तेही तसंच. कुकरमधला उरलेला भात मात्र नीट लागला.

आता कुठल्या तोंडाने सांगू?

१६ सप्टेंबर, मंगळवार

मॅडमनी पेट्या तपासल्या. आमची पेटी आज स्पृहाने आणली होती, म्हणून बोलणी तिला बसली. सगळ्यांसमोर. ती बाहेर जाऊन रडली आणि मी तिच्या पाठीवर हात फिरवला. त्याच हाताने.

तासानंतर मी मॅडमना विचारलं, या स्लाइड्स देहदान केलेल्यांच्या असतात का. त्या म्हणाल्या, छे. ते देह येईपर्यंत पेशी बिघडायला लागलेल्या असतात. ते विच्छेदनासाठी. स्लाइडला ऊती ताजी लागते. ही पेटी फार जुनी आहे. तेव्हा बेवारस माणसं दवाखान्यात मरायची, आणि त्यांच्या ऊती लगेच काढून घ्यायचे. नावं कुणालाच माहीत नाहीत. मॅडम पेटी बंद करत म्हणाल्या, "खरं सांगायचं तर कुणी विचारलंही नाही."

१८ सप्टेंबर, गुरुवार

काकूंच्या स्वयंपाकघरात आज मटण शिजलं. ज्या घरात अंडं येत नाही, तिथे. काकूंनी नाकाला पदर लावून शिजवलं. लाजत म्हणाल्या, तेच मागतात. काल मिरचीचा ठेचा मागितला, परवा शिळी भाकरी. चातुर्मासात कांद्याला न शिवणारा माणूस! तिकडे गेल्यावर माणूस बदलतो का गं, असं मला विचारलं.

बदलत असेल, म्हणाले मी.

२० सप्टेंबर, शनिवार

दुपारी अडीचला घरी आले. काकू पानासमोर पाठमोऱ्या बसल्या होत्या. वळल्या नाहीत. म्हणाल्या, "भूक हाय. अजून वाढ."

मला वाटलं, माझी नक्कल करतायत. खोलीत जाऊन रडले. मग लक्षात आलं, वर्गातलं काकूंना मी कधी सांगितलेलंच नाही. आणि आवाज जाड होता. पुरुषाचा.

परत जाऊन बघितलं. काकूंचे हात मांडीत होते. डोळे मिटलेले. जीभ तेवढी ओठांबाहेर आली होती आणि एकटीच हलत होती, काहीतरी चाचपल्यासारखी.

२२ सप्टेंबर, सोमवार

स्लाइड गुपचूप परत ठेवायला नेली. ठेवण्याआधी मायक्रोस्कोपखाली धरली.

कोरी. दोन काचा एकमेकींना चिकटलेल्या, लेबल तसंच, कुठे तडा नाही. मधलं गुलाबी गेलेलं. एक पेशी शिल्लक नाही.

मी ती कोरी काच पेटीत खुपसून ठेवली. स्पृहालाच सापडली. तिने नुसतं लेबल बघितलं आणि आनंदाने मला मिठी मारली. मी मारू दिली.

२३ सप्टेंबर, मंगळवार

काकूंचे पाय धरले. सगळं सांगितलं. ते तुमचे नव्हेत, कुणाचे ते कुणालाच माहीत नाही, मी चोरून आणलं.

काकूंची जीभ आता जड झालीय, शब्द ओढून आणावे लागतात. म्हणाल्या, "पहिल्या आठवड्यातच कळलं होतं मला. हे कधी वरून मीठ मागायचे नाहीत. पण तीन वर्षांनी या घरात कुणीतरी म्हणालं, वाढ." नवऱ्याच्या नावाने परक्याला जेवू घातलं, याची लाज त्यांनाही कुणाला सांगता येईना. दोघी एकमेकींकडे बघू शकलो नाही. रडलो फक्त.

मग म्हणाल्या, तो आता चिडलाय. विचारतो, दुसऱ्याच्या नावानं का बोलावलं? माझ्या नावानं बोलवा.

नाव कुठून आणायचं? काकूंनी हात जोडून त्याला सांगितलं, नाही बाबा आमच्याकडे. सांगता सांगता त्यांचा आवाज गेला. बुडत गेल्यासारखा. ओठ हलत राहिले.

२४ सप्टेंबर, बुधवार

काकू बोलत नाहीत. डॉक्टर येऊन गेले. म्हणाले, जीभ ठीक दिसते, उद्या तपासण्या करू. काकू माझ्याकडे बोट दाखवत होत्या. माझ्या तोंडाकडे.

चहाला चव नाही. मीठ खाल्लं — नाही. हिरवी मिरची अख्खी चावली, डोळ्यांतून पाणी आलं, पण तोंडात काहीच —

आईचा फोन. मी म्हणाले, आई, मला घेऊन जा. ती म्हणाली, "कोण बोलतंय? माझ्या तनूचा फोन तुमच्याकडं कसा?" मी परत बोलले. आवाज जाड — माझा नाही. ती रडायला लागली. म्हणाली, पहिल्या गाडीनं येते.

२५ सप्टेंबर

भूक. दोनदा जेवले. काकूंच्या वाटणीचंही जेवले. त्यांच्यासमोर. लाज वाटली — आधी वाटायची तेवढी नाही.

जीभ गप्प बसत नाही. नावं पुटपुटते. एकेक लावून बघते, टाकून देते. सकाळपासून एकाच नावाशी थांबलीय, माझ्याच —

मी विरोध केला. दात घट्ट —

जिन्यात पावलं. बाईमाणूस आहे. दार वाजवतेय, हाका मारतेय. तनुजा, तनुजा. काकू कोपऱ्यातून माझ्याकडे बघून मान हलवतायत, जा, जा.

कुणाला शोधतेय ही बाई? किती रडतेय. दार उघडून सांगायला हवं, की बाई, इथं तनुजा म्हणून कुणी