माळ पडीक नाही, साहेब

शनिवार, १२ जुलै, सकाळी सव्वादहा.

आत्ताच, माझ्यादेखत, हातकणंगल्याच्या माळावरून लागवडीच्या साहेबांनी सखूबाईची मेंढरं हाकलली. म्हणे, पडीक माळ आहे, दाट झाडं लावायचीत.

पडीक! एकट्यादुकट्या बाभळीखाली गवत उन्हाळ्यातही हिरवं राहतं, दाटीत उन्हावाचून मरतं. मेंढरांनी खुडलं नाही तर राठ होऊन स्वतःचेच कोवळे फुटवे दाबतं. हे मी सातवीला शिकवायचे.

सखूबाई म्हणाली, "मग मेंढरांनी काय सावली खायाची व्हय, सायब?"

तो हसला. हसला! आणि मी गप्प का राहिले? कॉन्व्हेंट शाळेतल्या नोकरीची सवय, दुसरं काय. आता ती कुठं चारणार?

गुरुवारी खड्डे खणणार आहेत. सोमवारी साहेबाच्या कचेरीत अर्ज देते: हा माळ पडीक कुणी ठरवला? लेखी उत्तर, सही-शिक्क्यासह, बुधवारी संध्याकाळी पाचच्या आत.