काकूच्या वाट्याची फळं

माय,

अक्षरं मी फार उशिरा शिकले, नातीच्या पाटीवर. आता हात जरा बसलाय, तर पहिल्यांदा तुलाच लिहावंसं वाटलं.

मी लहान होते त्या साली कापसाला असा भाव आला की मूर्तिजापूरपासून अमरावतीपर्यंत जिकडेतिकडे पऱ्हाटीच. बाबांनी ज्वारीचं वावरही कापसात घातलं, तेव्हा तू आडवी आलीस. "सारंच कापसात घालता, मंग मी शिजवू काय? सरकी?" बाबा चिडले, "जग पैसा करून राहिलं, अन् तू तुरी घेऊन बसली!" पण धुऱ्यालगतची, बांधाकडेची चार तासं, म्हणजे चार ओळी, तू सोडली नाहीस. त्यात तूर, कडेला जवस, तीळ, मेथी आणि अंबाडी.

त्याच हिवाळ्यात काकू बाळंत झाली. पोर झाली काडीएवढी, आणि काकूच्या अंगावर दूध नाही. बाजारात धान्य महाग, घरात गहू मूठभर. मी चुलीपाशी बसून बघतेय. तू कणीक इतकी पातळ लाटतेस की खालचा पोळपाट दिसतो. वरणात आपण कणकेची नुसती फळं सोडायचो. तू त्यांच्या पोटात सारण भरतेस. वाटलेल्या तुरीची चंद्रकोर, जवस-तिळाची गुंडाळी, मेथीची चौकोनी पुडी, गुळाचा शंख. कणीक नावाला, आत सगळं अन्न. रोज नवं सारण, आणि उकळत्या वरणात एकही फुटत नाही. गूळ सोडला तर एवढ्याशा धुऱ्यातून तू हे सगळं काढत होतीस!

काकूने ताट बाजूला सारलं. "जात नाही वो बाई घशाखाली."

"तुले कोण जेवू घालून राहिलं? मी तुह्या पोरीले घालून राहिली. खा."

काकू रडत रडत खाऊ लागली. आठव्या-नवव्या दिवशी पोर पिता पिता झोपली, ओठांच्या कोपऱ्यात दूध. बाबा दारातून बघत होते. पुढच्या पेरणीला तुरीची तासं त्यांनी स्वतः धरली, चार नाही, दहा. ती पोर आज अचलपुरात चार लेकरांची आई आहे.

हे पत्र कुठे धाडणार? पण एक सांगून टाकते. सुनांना मी म्हणते, मायची फळं मला जशीच्या तशी येतात. खोटं आहे ते. माझी वरणात फुटतात, आणि मी वाढायच्या आधी डावाने ढवळून टाकते.