पांढरी मुळं

७ मार्च

पुन्हा पंप बंद! टाकीचं झाकण उचललं — घाण वास. एक रोप वर काढलं. मुळं तपकिरी, बुळबुळीत. बोटं फिरवली तर साल हातात आली, आत नुसता दोरा उरला.

हिला विचारलं. "मी कशाला बंद करीन? माझी झाडं आहेत ती." खरंच आहेत. बारा वर्षं ही मागच्या खोलीत मातीशिवाय, नुसत्या पाण्यावर लेट्यूस पिकवतेय. मी निवृत्त कारकून. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. पण गेल्या वर्षापासून ही विसरते. दूध, गॅस, एकदा तर लेकीचं नाव. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हातातलं काम सुटू देऊ नका. तेवढ्यावरच त्या टिकून आहेत." म्हणजे ही झाडं जगायलाच हवीत.

९ मार्च

रोपवाला येऊन गेला. हिला बी-खत तोच पुरवतो. "काका, मुळांनाही श्वास लागतो. पंप थांबला, पाणी तापलं, की ती गुदमरतात. मग सड धरते. आणि टाकी एकच — एकाची सड सगळ्यांना!" चाळीसपैकी चौदा रोपं उपटून पिशवीत भरली. सगळं पाणी ओतून दिलं, पाइप घासले, टाकीत जंतुनाशक पेरॉक्साइड फिरवलं. उजेड नको म्हणून काळं प्लास्टिक गुंडाळलं. नव्या पाण्यात बर्फाच्या बाटल्या सोडल्या. माझी कंबर कामातून गेली.

संध्याकाळी पाहतो तर पिशवीतली सडकी रोपं परत झाकणातल्या आपापल्या भोकांत! ही शेजारी उभी, हात ओले. "कुणीतरी उपटून टाकली होती हो बिचारी."

मी ओरडलो. ओरडायला नको होतं.

१० मार्च

सगळं पुन्हा धुतलं. ये रे माझ्या मागल्या.

१३ मार्च

आज गाढवपणा माझा. मुळं राखणाऱ्या चांगल्या जिवाणूंची पूड पेरॉक्साइडनंतर दोन-तीन दिवसांनी घालायची होती. मी दोन्ही एकदमच ओतली. रोपवाला फोनवर हसत सुटला. "चोर मारायला गेलात आणि पोलीसही मारलेत, काका!" मीही हसलो. दुसरं काय करणार?

१६ मार्च

पकडलं! ही खोलीत गेली, पंपाची घरघर ऐकली, बटण बंद केलं आणि समाधानाने बाहेर आली. आयुष्यभर माझ्यामागे फिरून दिवे-पंखे बंद केले हिने. तेवढी सवय शाबूत! बटणावर चिकटपट्टी लावली, तर ती सोलून माझ्या हातात दिली. बटण उंचावर नेलं, तर स्टुलावर चढली. पडली असती! आणि मी आठवडाभर टाकी घासतोय — रोग रेड्याला आणि इंजेक्शन पखालीला.

१७ मार्च

आणखी नऊ गेली. उरली सतरा.

रोपवाला चाचरत म्हणाला, "काका, काकूंना थोडे दिवस आत जाऊ देऊ नका." लेकीला फोन केला. "बाबा, मी इथून काय सांगू?" बरोबर आहे तिचं. ही आत गेली तर झाडं मरणार. झाडं मेली तर हिला उरलं काय? शेवटी खोलीला कुलूप लावलं.

१८ मार्च

ही दारापाशी उभी. "अहो, किल्ली?" हरवली म्हणालो. मग बिचारीने तासभर माझ्याबरोबर घर पालथं घातलं. गाद्यांखाली, डब्यांत, चपलांत. किल्ली माझ्या खिशात! इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

२० मार्च

दिवसातून दहा वेळा दारापाशी. कडी हलवते. मी पेपरात डोकं खुपसतो.

२५ मार्च

तीन दिवसांत किल्ली मागितली नाही. खिडकीशी बसून असते. खोटं कशाला लिहू — हायसं वाटलं.

५ एप्रिल

पांढरी मुळं! तपकिरी झुपक्यातून नवी, कोवळी, बोटभर लांब. सतराच्या सतरा रोपांना! पाण्याला वास नाही. रोपवाल्याला फोटो पाठवला, त्याचा लगेच फोन — "जिंकलात, काका!" कुणी मला असं म्हणून किती वर्षं झाली असतील. उद्या हिचा हात धरून आत नेतो. पंपाजवळ मी उभा राहीन, बाकी सगळं तिचं.

६ एप्रिल

नेलं. ही एकेका रोपापाशी थांबली. मी झाकण उचलून मुळं दाखवली. वाकून पाहिली, पण हात लावला नाही. मग माझ्याकडे वळून हसली, ओळख नसलेल्या माणसाशी हसावं तशी. "छान ठेवलीत हो झाडं. घरी कोण कोण असतं तुमच्या?"