पांढरे ढीग

गुरुवार, संध्याकाळ

सहावीला आज निसर्गचित्र दिलं. “घरातून दिसतं तेच काढा,” असं मीच सांगितलं. आणि जूचंद्र गावच्या दर्शना या मुलीने पांढरे डोंगर काढले म्हणून चिडलेही मीच. “आपल्याकडे बर्फ पडतो का गं?” वर्ग हसला. तिने ते तपकिरी रंगवले.

सुटताना शिपाई मावशींनी चित्र पाहिलं. “बाई, हिच्या दारासमोर मिठागर हाय. मिठाचे ढीग असे मातीवानी कसे?”

पांढरे ढीग! शाळेत येताना रोज बघते मी ते. मग कागदावर का नाही ओळखले? शनिवारी प्रदर्शन. तिचे वडील येणार, मिठागरातच राबतात ते. तपकिरीवर पांढरा चढेलही कदाचित. पण खाली लाल पेनने मी लिहून बसलेय, ‘आता बरोबर.’